अमेरिकेतील इमिग्रेशनची फाइल मागण्याचा हक्क

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेचा व्हिसा, ग्रीन कार्ड आणि हद्दपारी या विषयांवरील बातम्यांना मराठी वृत्तपत्रांत अलीकडे भरपूर जागा मिळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले, त्यांत महाराष्ट्रातील माणसेही होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा पुण्या-मुंबईतील कित्येक घरांत त्या रात्री फोन वाजत राहिले. नियम काय बदलला, कोणाला फटका बसेल, सरकार काय म्हणते, हे या बातम्यांमधून बऱ्यापैकी कळते. परंतु ज्या कागदांच्या आधारे अमेरिकेचे सरकार एखाद्याला राहू देते अथवा परत पाठवते, ते कागद त्या माणसाला पाहायला मिळतात का, आणि मिळत नसतील तर त्याने काय करायचे, हा प्रश्न या चर्चेत जवळजवळ येतच नाही. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी अर्ज करणाऱ्या, किंवा हद्दपारीच्या कारवाईत सापडलेल्या, जवळपास प्रत्येक परदेशी व्यक्तीची एक फाइल असते. तिला तेथे ‘ए-फाइल’ म्हणतात आणि तिच्यावरचा क्रमांक आयुष्यभर पाठ सोडत नाही. १९४० च्या कायद्याने परदेशी व्यक्तींची नोंदणी सक्तीची झाली आणि १ एप्रिल १९४४ पासून या स्वतंत्र फायली उघडल्या जाऊ लागल्या. माणसाने भरलेले अर्ज, छायाचित्रे, बोटांचे ठसे, मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हस्ताक्षरातील टिपणे, सीमेवर किंवा विमानतळावर नोंदवलेला जबाब, एखादा जुना फेटाळलेला अर्ज, असे सारे तिच्यात असते. वीस वर्षांपूर्वी घाईत दिलेले एखादे उत्तर अर्जदार विसरलेला असतो, फाइलमध्ये ते जसेच्या तसे असते. नागरिकत्वाच्या मुलाखतीत अधिकारी ती फाइल पुढ्यात ठेवून बसतो. समोरच्याने ती बहुधा कधीच पाहिलेली नसते.

ती पाहण्याचा मार्ग म्हणजे तेथील माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ४ जुलै १९६६ रोजी त्यावर स्वाक्षरी केली आणि वर्षभराने तो अमलात आला. आपल्या माहिती अधिकार कायद्यात माहिती मागण्याचा हक्क भारतीय नागरिकाला आहे. अमेरिकेच्या कायद्यात मात्र ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द असल्याने तेथील नागरिक नसलेला, इतकेच काय तर अमेरिकेबाहेर राहणारा माणूसही अर्ज करू शकतो. कार्यालयाने वीस कामकाजाच्या दिवसांत निर्णय कळवायचा असतो आणि काही ठराविक परिस्थितीत आणखी दहा दिवस घेता येतात. मुदत टळली, की अर्जदाराला खात्यांतर्गत अपिलाची पायरी ओलांडून थेट संघीय जिल्हा न्यायालयात जाता येते. हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या भागाला जो काही अर्थ उरला आहे तो त्याच्यामुळे उरला आहे.

गेल्या काही वर्षांतील सर्वांत मोठे उदाहरण नाइटिंगेल खटल्याचे. जून २०१९ मध्ये काही इमिग्रेशन वकिलांनी आणि स्वतः स्थलांतरित असलेल्या व्यक्तींनी कॅलिफोर्नियाच्या उत्तर जिल्ह्यातील संघीय न्यायालयात नागरिकत्व व इमिग्रेशन सेवा, म्हणजे यूएससीआयएस, हद्दपारीची कारवाई करणारी तिची भगिनी संस्था आयसीई आणि या दोहोंचे वरिष्ठ असलेले गृहसुरक्षा खाते यांच्याविरुद्ध दावा लावला. ए-फाइलसाठी केलेले अर्ज कायद्याने दिलेली मुदत उलटून महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि हे एखाददुसऱ्या अर्जाचे दुर्दैव नसून खात्याची रीतच झाली आहे, अशी त्यांची तक्रार होती. न्यायमूर्ती विल्यम ऑरिक यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा दावा देशभरातील सर्व समदुःखी अर्जदारांच्या वतीने चालवण्यास परवानगी दिली. १७ डिसेंबर २०२० रोजी त्यांनी निकाल दिला, तो असा की कायद्याचा भंग झाला आहे, साठलेले अर्ज साठ दिवसांत निकाली काढावेत, यापुढे मुदत पाळावी आणि आदेशाचे पालन कसे होते आहे याचा अहवाल दर तिमाहीला न्यायालयात सादर करावा.

या दिरंगाईचे एक कारण वाचून आपल्याकडच्या कोणत्याही माणसाला ओळखीचे वाटेल. फाइल यूएससीआयएसच्या ताब्यात, पण तिच्यातील काही पाने आयसीईने तयार केलेली. मग अर्ज एका कार्यालयात येई, ते कार्यालय आपली पाने काढून देई आणि उरलेली पाने ‘तुमची तुम्ही पाहा’ म्हणून दुसऱ्याकडे पाठवी, तेथे ती पुन्हा नव्याने रांगेत लागत. २००३ पर्यंत ही सर्व कामे एकाच इमिग्रेशन खात्याकडे होती. ते मोडून तीन संस्था झाल्या आणि एका फाइलला दोन-दोन मालक मिळाले. न्यायालयाने ही टोलवाटोलवी सबब म्हणून मान्य केली नाही. कामाचा नेहमीचा, अपेक्षित असलेला बोजा ही ‘अपवादात्मक परिस्थिती’ ठरत नाही, ढीग कमी करण्यात प्रगती दाखवता आली तरच सवलत, असे कायद्यातच लिहिलेले आहे. हे सर्व पहिल्यांदा घडत होते असेही नाही. याच दिरंगाईवरून जुन्या खात्याविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वकिलाने लढवलेला मेयॉक खटला १९९२ मध्ये तडजोडीने मिटला होता आणि ज्यांची हद्दपारीची सुनावणी जवळ आली आहे त्यांचे अर्ज आधी पाहावेत असे तेव्हा ठरले होते. पावशतक उलटले आणि त्याच न्यायालयात तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

फाइल उशिरा मिळाल्याने बिघडते काय, असे कोणी विचारील. अमेरिकेच्या फौजदारी खटल्यात सरकारी पक्षाला आपल्याकडचे कागद आरोपीला दाखवावे लागतात. इमिग्रेशन न्यायालयात तशी सर्वसाधारण सोय नाही, सरकारी खर्चाने वकीलही मिळत नाही, आणि ज्याच्याविरुद्ध कारवाई चालली आहे त्याला स्वतःचाच इतिहास माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून मिळवावा लागतो. सुनावणी आधी झाली आणि फाइल नंतर आली, तर ती फाइल केवळ आठवण म्हणून कपाटात ठेवायची. डेंट विरुद्ध होल्डर या प्रकरणात नेमके हेच घडले. होंडुरासमध्ये जन्मलेल्या आणि एका अमेरिकन महिलेने दत्तक घेतलेल्या माणसाने, वकील नसताना, आपण नागरिक असल्याचे इमिग्रेशन न्यायालयात सांगण्याचा प्रयत्न केला. दत्तक आईने त्याच्या नागरिकत्वासाठी केलेला अर्ज सरकारच्याच फाइलमध्ये होता, परंतु ती फाइल त्याला दिलेली नव्हती. २०१० मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ठरवले, की कायद्यानेच अशा व्यक्तीला आपली फाइल पाहण्याचा हक्क दिला आहे आणि ती न देणे अन्याय्य आहे. त्याचा नागरिकत्वाचा दावा पुढे २०१८ मध्ये त्याच न्यायालयात टिकला नाही, हेही नमूद केले पाहिजे. फाइल मिळाली म्हणजे खटला जिंकला असे नसते, तिच्यामुळे तो लढता येतो इतकेच. शिवाय २०१० चा हा निकाल कॅलिफोर्निया, ॲरिझोना, वॉशिंग्टन यांसारख्या पश्चिमेकडील राज्यांपुरता बंधनकारक आहे. मराठी माणसे मोठ्या संख्येने राहतात ती न्यू जर्सी आणि टेक्सास ही राज्ये त्यात येत नाहीत, तेथे मुख्य भिस्त माहितीच्या कायद्यावरच राहते.

‘सरकारवर खटला’ हे शब्द आपल्याकडे ऐकले, की पिढ्यान्‌पिढ्या चालणारे दिवाणी दावे डोळ्यांपुढे येतात आणि परदेशात, तेही व्हिसावर राहणारा माणूस, त्या वाटेला जाण्याची कल्पनाही करत नाही. ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, सध्याच्या वातावरणात तर मुळीच नाही. परंतु या खटल्यांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. अर्जदार राहतो त्या जिल्ह्यात, कागद असतील त्या जिल्ह्यात किंवा राजधानी वॉशिंग्टनमध्ये दावा दाखल करता येतो आणि त्याचे शुल्क ४०५ डॉलर आहे. कागद का रोखले हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते, मागणाऱ्यावर नाही. न्यायाधीश खात्याच्या निर्णयाला मान न देता संपूर्ण प्रश्न नव्याने तपासू शकतो. प्रत्येक रोखलेल्या कागदाची यादी आणि कायद्यातील कोणत्या अपवादाखाली तो रोखला याचे कारण सरकारला द्यावे लागते. १९७३ च्या वॉन खटल्यापासून ही पद्धत रूढ आहे. अर्जदाराच्या बाजूने लक्षणीय निकाल लागला तर वकिलाचा खर्चही सरकारकडून मिळू शकतो. दावा दाखल झाला, की फाइल कारकुनाच्या टेबलावरून सरकारी वकिलाच्या टेबलावर जाते, आणि अनेकदा निकालापर्यंत न जाताच कागद हाती येतात. अर्थात त्यातील काही पानांवर काळे पट्टे असतात. तपासाची पद्धत उघड होईल, दुसऱ्या व्यक्तीच्या खासगीपणावर आघात होईल, खात्यातील अंतर्गत चर्चा बाहेर येईल, अशी कारणे त्यासाठी दिली जातात. काही ठिकाणी ती खरी असतात. काही ठिकाणी पट्टा ओढणाऱ्याचा हात सैल सुटलेला असतो, आणि तेथेच वर सांगितलेल्या यादीचा उपयोग होतो.

आतापर्यंत मी स्वतःच्या फाइलबद्दल लिहिले. दुसऱ्याची फाइल मागितली तर गणित बदलते, आणि ते बदलले पाहिजे असे माझे मत आहे. ब्रिटनचे राजपुत्र हॅरी यांच्या व्हिसाची कागदपत्रे मिळावीत म्हणून हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये गृहसुरक्षा खात्याविरुद्ध दावा केला. हॅरी यांनी आत्मचरित्रात अमली पदार्थ घेतल्याचे मान्य केले आहे, मग अर्जात काय लिहिले होते आणि खात्याने सवलत दिली काय, हे लोकांना कळले पाहिजे, असा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती कार्ल निकोल्स यांनी कागद स्वतः पाहिले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बाहेर आलेल्या निकालात व्यक्तीच्या खासगीपणाचे पारडे जड ठरवले. मार्च २०२५ मध्ये काही कागद खुले झाले, पण इतके पट्टे मारून की त्यांतून व्हिसाविषयी फारसे काही कळत नाही. ज्यांना या निकालाचा राग आला त्यांनी एवढेच आठवावे, की ज्या अपवादाने राजपुत्राची फाइल झाकली तोच अपवाद डॅलसमधील एखाद्या संगणक अभियंत्याची फाइल त्याच्या शेजाऱ्यापासून झाकतो.

व्यक्तींच्या नव्हे, तर खात्याच्या कारभाराच्या नोंदी मागितल्या तर मात्र आडपडद्याला फारसे कारण उरत नाही. एच-१बीच्या सोडतीचे उदाहरण घ्या. २०२४ या आर्थिक वर्षासाठी ८५,००० जागांकरिता ७,८०,८८४ नोंदण्या आल्या, त्यांतील चार लाखांहून अधिक एकाच व्यक्तीच्या नावाने अनेक कंपन्यांनी केलेल्या होत्या. एवढे आकडे खात्याने स्वतःच प्रसिद्ध केले आणि नंतर सोडत माणसागणिक एकदाच, अशी पद्धतही बदलली. पण कोणत्या कंपनीने किती नोंदण्या केल्या याचा तपशील बाहेर आला तो ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने खटला भरल्यानंतर. त्या सोडतीत प्रामाणिकपणे एकच नोंदणी करून हरलेली कितीतरी मराठी मुले-मुली असतील.

आणखी एक प्रकार आहे जुन्या नोंदींचा, आणि त्यात वैर कोणाशीच नाही, कारण ती माणसे केव्हाच निवर्तली. सप्टेंबर १९०६ ते मार्च १९५६ या काळात ज्यांना नागरिकत्व मिळाले त्यांच्या फायली यूएससीआयएसकडे आहेत, शिवाय १९२४ पासूनच्या व्हिसाच्या आणि १९४० पासूनच्या नोंदणीच्या फायलीही. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी २००८ मध्ये खात्याने स्वतंत्र विभाग उघडला. सुरुवातीला शोधासाठी वीस डॉलर लागत, २०१६ च्या अखेरीस ते पासष्ट झाले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सूचीतील शोधासाठी २४० आणि प्रत्यक्ष फाइलसाठी ३८५ डॉलर आकारण्याचा प्रस्ताव आला. मेलेल्या पणजोबांचा कागद पाहायला ६२५ डॉलर! मोठी ओरड झाली. अंतिम नियमात ही रक्कम थोडी उतरवली गेली, पण तो संपूर्ण शुल्कनियमच अमलात येण्याच्या तोंडावर, सप्टेंबर २०२० मध्ये, न्यायालयाने थांबवला. तो खटला स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी इतर शुल्कांच्या विरोधात लढवलेला होता, इतिहास शोधणाऱ्यांचा फायदा त्यात आपोआप झाला. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन अर्जाला तीस डॉलर पडतात आणि कागदी अर्जाला ऐंशी.

या जुन्या फायलींचे भारताशी नाते जवळचे आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वास पात्र नाही असे ठरवले, आणि त्यानंतर आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांना स्वतःला १९१४ मध्ये नागरिकत्व मिळालेले होते. सरकारने त्यांच्यावरही दावा केला. एकदा न्यायालयाने दिलेले आणि सरकारने तेव्हा अपील न केलेले नागरिकत्व इतक्या वर्षांनी उकरून काढता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा १९२६ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. या काळातील माणसांचा इतिहास कोणाला लिहायचा असेल, तर वृत्तपत्रांची कात्रणे आणि न्यायालयाचे निवाडे यांच्यापलीकडे जे काही आहे ते या फायलींतच आहे. ए-फायली व्यक्तीच्या जन्माला शंभर वर्षे झाल्यावर राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातात, तसा करार २००९ मध्ये झाला आणि हे पाऊल योग्यच होते.

आपल्याकडच्या कायद्याशी तुलना अपरिहार्य आहे, पण ती मी थोडक्यात करतो. दहा रुपये, तीस दिवस आणि चुकार अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये दंड ही आपल्या २००५ च्या कायद्याची बलस्थाने आहेत. अमेरिकेच्या कायद्यात असा दिवसागणिक दंड नाही. उलट आपल्या कायद्याच्या तेविसाव्या कलमाने दिवाणी दाव्याची वाट बंद केली आहे. प्रथम अपील, मग आयोगाकडे दुसरे अपील आणि त्यानंतर उच्च न्यायालयात रिट, असा प्रवास करावा लागतो. सतर्क नागरिक संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार एकट्या महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून अधिक अपिले आणि तक्रारी पडून होत्या. दंडाची तरतूद असलेला कायदा आणि न्यायालयाचा दरवाजा लगेच उघडणारा कायदा यांतला कोणता अधिक कामाचा, याविषयी माझे मत अलीकडे दुसऱ्या कायद्याच्या बाजूला झुकू लागले आहे.

आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी, की अमेरिकेतील इमिग्रेशनच्या बातम्यांबरोबर या निकालांचीही दखल घ्यावी आणि एखाद्या जाणकार वकिलाकडून या विषयावर लेख लिहवून घ्यावा. ज्यांचे मुलगे-मुली तेथे नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज करणार आहेत, पूर्वी ज्यांचा एखादा अर्ज नाकारला गेला आहे, ज्यांना विमानतळावर कधी बाजूला घेऊन जबाब घेतला गेला आहे, त्यांनी नवा अर्ज भरण्याच्या आधी आपली फाइल मागवावी. हद्दपारीच्या सुनावणीची नोटीस मिळालेली असेल तर ती अर्जासोबत जोडावी, कारण अशा अर्जांसाठी यूएससीआयएसची वेगळी आणि जलद रांग आहे. अर्ज पोहोचल्याची पावती आणि तिच्यावरची तारीख जपून ठेवावी, कारण वीस दिवसांची मोजणी आणि पुढचा दावा, दोन्ही त्या तारखेवर उभे राहतात.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, पुणे